बी.एस्सी.नंतर दोन वर्षांत फिजिओथेरपिस्ट: ब्रिटनमधल्या प्री-रजिस्ट्रेशन एम.एस्सी.चा रस्ता

भारतात फिजिओथेरपिस्ट व्हायचं तर बारावी विज्ञान आणि मग बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी. महाराष्ट्रात त्याचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. पदवी साडेचार वर्षांची, आणि नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप धरून पाच वर्षांची. एमपीटीएच हे पुढचं शिक्षण आहे, त्याला आधी बीपीटीएच लागतेच. त्यामुळे मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी, क्रीडाविज्ञान किंवा मानसशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या मुलीला बाविसाव्या वर्षी हा व्यवसाय करावासा वाटला, तर इथे तिला पुन्हा बारावीच्या मुलांच्या रांगेत उभं राहावं लागतं.

ब्रिटनमध्ये अशा पदवीधरांसाठी वेगळी सोय आहे. आधीची पदवी चालेल अशी असेल तर दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.एस्सी.नंतर फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता येतो. हीच पात्रता बारावीनंतरच्या बी.एस्सी.ने मिळवायला इंग्लंडमध्ये तीन वर्षं लागतात, स्कॉटलंडमध्ये चार. मग एम.एस्सी.त कमी काय होतं? सुट्ट्या कमी होतात आणि पायाभूत विषय वर्गात सावकाश शिकवणं कमी होतं. रुग्णांसोबतच्या कामाचे तास मात्र तेवढेच राहतात. तयारी करताना हे लक्षात असू द्या, कारण या अभ्यासक्रमात मुलं अडखळतात ती बहुतेक याच कारणाने.

आधी नाव नीट वाचा

ब्रिटिश विद्यापीठांच्या यादीत ‘एम.एस्सी. फिजिओथेरपी’ या नावाखाली दोन वेगळ्या पदव्या असतात. एक प्री-रजिस्ट्रेशन, म्हणजे नोंदणीपूर्व, आणि ती फिजिओथेरपीबाहेरच्या पदवीधरांसाठी. दुसरी ‘अ‍ॅडव्हान्स्ड फिजिओथेरपी’ किंवा तत्सम नावाची, साधारण एक वर्षाची, आधीच फिजिओथेरपिस्ट असलेल्यांसाठी. दुसरीने नोंदणीचा हक्क मिळत नाही.

ही गफलत दोन्ही बाजूंनी होते. बी.एस्सी. झालेला मुलगा ‘स्पोर्ट्स रिहॅबिलिटेशन’ किंवा ‘स्पोर्ट्स थेरपी’मध्ये एम.एस्सी. करतो आणि शेवटी कळतं की फिजिओथेरपिस्ट ही पाटी लावता येणार नाही. बीपीटीएच झालेली मुलगी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पदवी घेते आणि समजते की पदवीबरोबर नोंदणी आपोआप होईल. ती होत नाही. बीपीटीएचवाल्यांनी नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गाने स्वतंत्र अर्ज करायचा असतो. त्यात तुमचा अभ्यासक्रम आणि अनुभव तिथल्या मानकांशी ताडून पाहतात, आणि तो अर्ज भारतात बसून करता येतो. त्यांनी प्री-रजिस्ट्रेशन एम.एस्सी.च्या वाटेला जाऊ नये. बहुतेक विद्यापीठं पात्र फिजिओथेरपिस्टला तिथे घेत नाहीत, आणि घेतलं तरी तो पैसा वायाच.

‘फिजिओथेरपिस्ट’ आणि ‘फिजिकल थेरपिस्ट’ ही दोन्ही नावं ब्रिटनमध्ये कायद्याने संरक्षित आहेत. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, यांच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ती वापरणं गुन्हा आहे. म्हणून अर्जाआधी एचसीपीसीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी उघडा आणि त्यात विद्यापीठ, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव व पूर्णवेळ-अर्धवेळ हा तपशील तीनही जुळतात का पाहा. दुसरी खात्री चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपीच्या मान्यतेची. ही व्यावसायिक संस्था १८९४ साली चार परिचारिकांनी सुरू केली होती. विद्यार्थ्याला किमान १,००० तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा, ही अट तिचीच. सल्लागार एजंट काय सांगतो त्याला या दोन याद्यांपुढे किंमत नाही.

असे अभ्यासक्रम किंग्ज कॉलेज लंडन, साउथॅम्प्टन, ईस्ट अँग्लिया, एसेक्स, ब्रुनेल, शेफील्ड हॅलम, लीड्स बेकेट, मँचेस्टर मेट्रोपॉलिटन, कार्डिफ, ग्लासगो कॅलेडोनियन, अ‍ॅबरडीनचं रॉबर्ट गॉर्डन अशा विद्यापीठांत चालत आले आहेत. प्रत्येक जण दरवर्षी परदेशी विद्यार्थी घेतोच असं नाही, कारण जागा प्लेसमेंट, म्हणजे रुग्णालयांतल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाच्या संधी, किती मिळतात त्यावर ठरतात. त्यामुळे ‘यंदा परदेशी विद्यार्थी घेणार का’ हा पहिला ईमेल, बाकी चौकशी नंतर.

पात्रता

बहुतेक विद्यापीठं ब्रिटिश मोजमापात २:१ श्रेणीची पदवी मागतात. भारतीय पदवीला त्याचा अर्थ साधारण ६० टक्के, पण तुमच्या विद्यापीठानुसार हा आकडा खाली-वर होतो. विषयात मानवी शरीर किंवा वर्तन यांचा भरीव भाग हवा: क्रीडाविज्ञान, शरीरक्रियाशास्त्र, जीवशास्त्र, जैववैद्यक, मानसशास्त्र, नर्सिंग. बी.कॉम.वाल्याला थेट दार बंद. शुद्ध वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्र असेल तर विद्यापीठाला आधी विचारा. काही ठिकाणी मानवी शरीररचना किंवा शरीरक्रियाशास्त्राचा छोटा अभ्यासक्रम जोडायला सांगतात. संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्राचा एखादा पेपर असेल तर तो अर्जात ठळक दाखवा, कारण दुसऱ्या वर्षी प्रबंध आहे आणि ते शिकवायला अभ्यासक्रमात फारसा वेळ नाही.

इंग्रजीसाठी आयईएलटीएस एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, हा सर्वसाधारण उंबरठा. काही विद्यापीठं चारही भागांत ७ मागतात. आपल्याकडची मुलं लेखनात अडकतात, तेव्हा एकदा परत द्यायला वेळ राहील अशी तारीख घ्या. निकाल दोन वर्षं चालतो.

आणि निरीक्षण. ज्याने फिजिओथेरपिस्टला काम करताना पाहिलेलंच नाही त्याला मुलाखतीला बोलावत नाहीत. किमान दोन वेगळ्या ठिकाणी मिळून ४० तास तरी बसा. त्यातलं एक ठिकाण खेळाडूंचं नसलेलं हवं. सगळ्यांना क्रिकेट संघाबरोबर उभं राहायचं असतं, पण ब्रिटनमधल्या प्लेसमेंटवर समोर येणार ते पक्षाघात झालेले, खुब्याचं हाड मोडलेले, सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराने धापा टाकणारे ऐंशी वर्षांचे आजी-आजोबा. जिल्हा रुग्णालयाचा फिजिओथेरपी विभाग, सांधेबदल शस्त्रक्रियेचा वॉर्ड, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची शाळा इथे परवानगी मागितली तर मिळते. रोज रात्री अर्धा पान टिपा लिहा, रुग्णाचं नाव न लिहिता: काय अडत होतं, थेरपिस्टने काय केलं, का केलं असेल, रुग्ण कुठे नाराज झाला. पुढे अर्ज आणि मुलाखत दोन्ही याच वहीतून निघतात.

पैशाचा हिशेब

परदेशी विद्यार्थ्यांची फी विद्यापीठागणिक बदलते. २०,००० पौंड वर्षाला धरून चाला. लंडनला आणि नामांकित ठिकाणी ती बरीच चढते. दोन वर्षांचे ४०,०००. लंडनबाहेर राहण्या-खाण्याला वर्षाचे १३,००० धरले तर आणखी २६,०००. इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे व्हिसाबरोबर भरायचा आरोग्यसेवेचा अधिभार, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला व्हिसा पुढे-मागे धरून सुमारे दोन वर्षं पाच महिन्यांचा मिळतो, म्हणून १,९४० पौंड एकदम भरावे लागतात. पौंड ११५ रुपये धरला तर सगळं मिळून ८० लाखांच्या घरात जातं. ‘तिथे काम करून फी भरू’ हा विचार सोडून द्या. सत्रात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, आणि प्लेसमेंटच्या आठवड्यांत तेवढेही तास कुणाच्या अंगात उरत नाहीत.

व्हिसासाठी पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि ठरावीक दराने नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो. एका दिवशी शिल्लक त्या रकमेखाली गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. १ जानेवारी २०२४ पासून शिकवणी स्वरूपाच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला नवरा, बायको, मुलं आश्रित म्हणून नेता येत नाहीत. लग्न झालेल्यांनी हे आधीच घरात बोलून घ्यावं.

ब्रिटनमध्ये आधीच राहणाऱ्या मराठी कुटुंबांचं गणित निराळं आहे. नवरा आयटीत, बायको बायोटेकची पदवीधर, मुलं शाळेत जायला लागल्यावर तिला स्वतःचा व्यवसाय हवा, अशी घरं स्लाउपासून लीड्सपर्यंत आहेत. आश्रित व्हिसावर शिकता येतं, पण फी साधारणपणे परदेशीच लागते. कायम निवासाचा परवाना मिळाला असेल आणि अभ्यासक्रम सुरू होण्याआधीची तीन वर्षं सलग ब्रिटनमध्ये वास्तव्य असेल, तर स्थानिक फी लागू होते. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी स्थानिक फीची कमाल ९,५३५ पौंड होती. इंग्लंडमधल्या पात्र स्थानिक विद्यार्थ्याला एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, लर्निंग सपोर्ट फंडातून वर्षाला ५,००० पौंड मिळतात, ते परत करायचे नसतात. आधी पदवी असली तरी या अभ्यासक्रमाला शैक्षणिक कर्जही मिळतं. कायम निवास वर्षभरावर आला असेल तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याने वाचणारी रक्कम बहुतेक शिष्यवृत्त्यांपेक्षा मोठी आहे.

अर्ज: सप्टेंबरातल्या प्रवेशासाठी आदल्या जूनपासून

जून ते ऑगस्ट निरीक्षण. सप्टेंबरात आयईएलटीएस आणि विद्यापीठाकडे ट्रान्सस्क्रिप्टचा अर्ज. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांतून ट्रान्सस्क्रिप्ट हातात पडायला आठवडे जातात, आणि सगळ्या सत्रांच्या मूळ गुणपत्रिका लागतात, एटीकेटी सुटल्यानंतरच्यासुद्धा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अर्ज लिहून काढा. काही विद्यापीठं यूकास या ब्रिटनच्या सामायिक प्रवेशसंस्थेमार्फत अर्ज घेतात, काही थेट. यूकासची समान विचाराची मुदत (तोवर आलेल्या सगळ्या अर्जांचा सारखाच विचार होतो) जानेवारीत संपते, पण फिजिओच्या जागा मोजक्या असल्यामुळे थेट अर्ज घेणारी काही ठिकाणं त्याआधीच भरतात.

यूकासमध्ये निवेदनाला एकूण ४,००० अक्षरांची जागा आहे. ‘लहानपणापासून लोकांची सेवा करायची आवड’ या वाक्यावर त्यातली एकही घालवू नका. निरीक्षणातला एक प्रसंग, त्यात थेरपिस्टने घेतलेला एक निर्णय, आणि त्यावरून या कामाबद्दल तुम्हाला काय समजलं, असे दोन प्रसंग पुरतात. ऑर्थोपेडिक सर्जनने काय केलं ते लिहू नका. ही चूक फार होते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की याला खरं तर डॉक्टर व्हायचं होतं.

मुलाखत अनेकदा पाच-सात मिनिटांच्या छोट्या टप्प्यांची असते आणि एनएचएसच्या मूल्यांवर बेतलेली: माणसाचा मान, करुणा, गुणवत्ता, मिळून काम करणं, प्रत्येकाची किंमत, लोकांचं आयुष्य सुधारणं. प्रश्न साधे दिसतात. ‘रुग्ण व्यायाम करायला नकार देतो, काय कराल?’ आपल्याकडचं ठरलेलं उत्तर ‘समजावून सांगेन’. त्यावर गुण कमी पडतात, कारण आधी कारण विचारायला हवं. वेदना आहेत का, भीती आहे का, सकाळपासून तिसऱ्यांदा उठवलंय का, शेजारच्या खाटेवर कुणी वारलंय का. शुद्धीत असलेल्या, सगळं समजून घेतलेल्या रुग्णाला नाही म्हणायचा हक्क आहे, हे तुमच्या तोंडून आलं पाहिजे. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रुग्णाला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे) यांच्या कामातला फरक हाही ठरलेला प्रश्न. उत्तर उदाहरणाने द्या.

जागा मिळाली की आरोग्य तपासणी येते, आणि इथे घोडं पेंड खातं. हिपॅटायटिस बी ची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी तीन डोसांत घेतात, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिकारशक्ती मोजून अहवाल द्यावा लागतो. म्हणजे सात-आठ महिने. मे महिन्यात सुरुवात केलेल्याचा अहवाल सप्टेंबरात तयार नसतो आणि पहिली प्लेसमेंट अडते. निरीक्षण सुरू करता तेव्हाच पहिला डोस घ्या. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीचे दोन डोस, कांजिण्या झाल्याचा किंवा लस घेतल्याचा पुरावा आणि बीसीजीची नोंद शोधून ठेवा. लहानपणीचं लसीकरण कार्ड हरवलं असेल तर प्रतिपिंडांची रक्ततपासणी चालते. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स आणि व्हिसासाठी मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी ही आणखी दोन कामं. भारतातून व्हिसाचा अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

विमानात बसण्याआधी शरीररचना

सगळ्यात मोठा फायदा करून देणारं काम हेच. तीन वर्षांच्या बी.एस्सी.तला विद्यार्थी जी शरीररचना सावकाश पचवतो, ती इथे सुरुवातीच्या काही आठवड्यांत उरकली जाते. वर्गात ती ‘तुम्हाला येते’ असं धरूनच पुढे जातात. तीन महिने आधी रोज पाच-सहा स्नायू घ्या. प्रत्येकाचे चार रकाने: उगम, जोड, चेतातंतू आणि त्याचे मणके, क्रिया. हृदय-पचनसंस्थेचे तपशील बाजूला ठेवले तरी चालतील. हात, पाय, पाठीचा कणा आणि छातीचा पिंजरा हवाच.

नुसतं पाठांतर मात्र दोन आठवड्यांत वाहून जातं. ते कामाला लावा. पाऊल लोंबकळतंय, घोटा वर उचलता येत नाही. चूक कुठे? गुडघ्याच्या बाहेर, फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) मानेपाशी कॉमन पेरोनिअल चेतातंतू दबला असेल, किंवा कमरेत एल ५ चं (पाचव्या मणक्यापाशी निघणाऱ्या चेतातंतूचं) मूळ दबलं असेल. दोन्हींत पाऊल लोंबकळतं. मग पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा. ते काम टिबिआलिस पोस्टेरिअर हा पोटरीतला स्नायू करतो, त्याला टिबिअल चेतातंतू जातो. तो कमजोर असेल तर बोट कमरेकडे दाखवा, मजबूत असेल तर फिब्युलाकडे. चार रकाने पाठ असतील तरच हे सुचतं, आणि हे सुचलं की ते चार रकाने विसरत नाहीत.

हात लावून ओळखायची सवयही घरातच लागते. भावाला पालथं झोपवा. मानेतला सगळ्यात वर आलेला मणका साधारण सी ७, म्हणजे मानेचा सातवा (टी म्हणजे पाठीचा, एल म्हणजे कमरेचा). खवाट्याचं खालचं टोक टी ७ च्या पातळीला. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेष एल ४ वरून जाते. कातडीवर उमटेल अशी पेन्सिल घेऊन खुणा करा, त्याला उभं करा, आणि त्याच खुणा किती सरकल्या ते पाहा. कातडी सरकते, हाड तिथेच असतं, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

वर्गातली दोन वर्षं

तीन मोठे विषय: स्नायू-सांधे, हृदय-श्वसन, मज्जासंस्था. त्याभोवती आरोग्य धोरण, वर्तनबदल, नेतृत्व, संशोधन. वर्ष ४५ आठवड्यांच्या आसपास जातं, उन्हाळ्याची लांब सुट्टी नसते. दिवाळीला घरी यायचं तिकीट काढण्याआधी प्लेसमेंटचं वेळापत्रक पाहा.

प्रॅक्टिकलमध्ये विद्यार्थी एकमेकांवरच शिकतात, आणि त्यासाठी शॉर्ट्स व बनियन किंवा स्पोर्ट्स ब्रा घालावी लागते. मुलगे-मुली एकाच खोलीत. आपल्याकडून गेलेल्या अनेकांना पहिले दोन आठवडे हे जड जातं, आणि संकोचून मागे बसणारा प्रॅक्टिकलमध्ये मागे पडतो, कारण पाहून हात तयार होत नाही. धार्मिक किंवा वैयक्तिक कारणाने जोडीदार त्याच लिंगाचा हवा असेल तर पहिल्याच आठवड्यात सांगा, व्यवस्था होते. नंतर सांगितलं तर टाळाटाळ वाटते.

प्रात्यक्षिक परीक्षेला ऑस्की म्हणतात. ज्ञान कमी पडून नापास होणारे क्वचितच असतात. नडतं ते वेगळंच: हात न धुणं, ओळख आणि संमती विसरणं, एकाच बाजूची तपासणी करून निष्कर्ष काढणं, दुखरी हालचाल सगळ्यात आधी करून पुढची तपासणी बिघडवणं, पाठदुखीच्या रुग्णाला लघवी-शौचावरचा ताबा आणि मांड्यांमधली बधिरता यांबद्दल न विचारणं. हा शेवटचा मुद्दा सुटला तर काही ठिकाणी पूर्ण टप्पाच नापास धरतात. कॉडा इक्वायना, म्हणजे कण्याच्या खालच्या टोकाचा चेतातंतूंचा जुडगा, दबल्याची ती लक्षणं आहेत, उशीर झाला तर माणूस कायमचा अधू होतो. सरावाला मोबाइलवर टायमर लावा, मोठ्याने बोलत करा आणि मित्राला फक्त चुका मोजायला बसवा.

प्लेसमेंट

१,००० तास, आठवड्याला ३७.५ तास, म्हणजे जवळजवळ २७ आठवडे. ते साधारण पाच किंवा सहा आठवड्यांच्या टप्प्यांत विभागलेले असतात, आणि अधूनमधून वर्ग. एक दिवस आजारी पडलात तर तेवढे तास नंतर भरून द्यावे लागतात. ठिकाण तुम्ही निवडत नाही. दीड तास लांबचं रुग्णालय, सकाळी आठला हजेरी, हिवाळ्यात जाताना अंधार आणि येताना अंधार, हे गृहीत धरा. स्थानिक विद्यार्थ्याला प्रवासखर्च वर सांगितलेल्या एनएचएसच्या निधीतून मागता येतो, परदेशी विद्यार्थ्याने तो आपल्या हिशेबात आधीच घालावा. घर बसस्टॉपजवळ घ्या, विद्यापीठाजवळ असण्यापेक्षा ते जास्त उपयोगी.

कोपराखाली काहीही नाही, हा संसर्गनियंत्रणाचा नियम. घड्याळ, बांगड्या, धागे, नेलपॉलिश बंद. साधी, खडा नसलेली अंगठी चालते. हातातला गंडा काढायचा नसेल तर त्याबद्दल आधी विचारा, वॉर्डात वाद घालू नका.

मूल्यमापन तिथला शिक्षक-थेरपिस्ट करतो. त्याला नावानेच हाक मारायची, सर-मॅडम नाही. आणि इथे आपली एक चांगली सवय नडते. मोठ्यांपुढे गप्प राहून ऐकणं आपल्याकडे नम्रता समजली जाते, तिथे गप्प बसलेला विद्यार्थी विचार करत नाही असं धरलं जातं. प्रत्येक रुग्णानंतर दोन वाक्यं बोला: मला काय वाटतंय आणि कशावरून. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, पाहून दुपारी सांगतो’ म्हणा आणि खरंच सांगा. अंदाज ठोकणाऱ्यावर कुणी रुग्ण सोपवत नाही.

एक उदाहरण घ्या. गुडघा बदललेल्या आजींना पहिल्यांदा उभं करायचंय. खोलीत शिरण्याआधी कागद पाहा: सर्जनच्या सूचना, पायावर किती भार द्यायचा, हिमोग्लोबिन, रक्तदाब, वेदनाशामक कधी दिलं. मग खाटेवरच पाय सरळ उचलायला सांगा. भुलीचा किंवा नर्व्ह ब्लॉकचा अंमल बाकी असेल तर मांडीचा पुढचा स्नायू जागा नसतो, आणि उभं करताच गुडघा दुमडून आजी खाली येतात. उचलता आला तर बसवा, थांबा, चक्कर विचारा, रक्तदाब घ्या. वरचा आकडा २० ने किंवा जास्त उतरला तर आज उभं राहणं नाही. नवखा विद्यार्थी चालवण्याच्या घाईत हे टप्पे गाळतो. त्याच्याकडून शिक्षकाला अपेक्षा असते ती थांबण्याचा निर्णय नीट घेता येण्याची.

श्वसनाच्या वॉर्डात जाण्याआधी न्यूज-२ ही गुणपद्धत पाठ असू द्या. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध, तापमान यांचे गुण जोडून ५ झाले तर तातडीने कळवायचं, ७ झाले तर आणीबाणी. बहुतेकांना ऑक्सिजनचं लक्ष्य ९४ ते ९८ टक्के. सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांना ८८ ते ९२. अशा रुग्णाला ‘९० फार कमी’ म्हणून ऑक्सिजन वाढवणं ही परीक्षेतली आणि वॉर्डातलीही गंभीर चूक.

भाषा आयईएलटीएसमध्ये कळते त्याहून वेगळी. ‘फीलिंग पूअर्ली’ म्हणजे गरीब नाही, आजारी. ‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणजे मुंग्या. आजोबा ‘स्पेंड अ पेनी’ म्हणाले तर त्यांना लघवीला जायचंय, आणि तो इशारा हुकला तर पुढचा अर्धा तास चादरी बदलण्यात जातो. ग्लासगो किंवा न्यूकॅसलचा उच्चार कळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. ‘कृपया पुन्हा सांगा’ म्हणायला लाजू नका. न कळता हो म्हणणं रुग्णाला धोकादायक ठरतं.

नोंदी त्याच दिवशी, त्याच शिफ्टमध्ये लिहायच्या: रुग्ण काय म्हणाला, तुम्ही काय पाहिलं-मोजलं, त्याचा अर्थ काय, पुढे काय. ‘बरा आहे, व्यायाम दिले’ ही नोंद नव्हे. ‘एका माणसाच्या मदतीने फ्रेम घेऊन १० मीटर चालल्या, वळताना डावीकडे तोल गेला’ ही नोंद.

पहिल्यांदा नापास झालेली प्लेसमेंट सहसा एकदा पुन्हा करू देतात. दुसऱ्यांदा नापास म्हणजे बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रमातून बाहेर. त्यामुळे मध्यावरच्या मूल्यमापनात ‘काळजीचं कारण आहे’ असं सुचवलं गेलं तर ते गोड इंग्रजीत गुंडाळलेलं असलं तरी गंभीर माना. त्याच दिवशी विद्यापीठातल्या शिक्षकाला कळवा आणि उरलेल्या आठवड्यांसाठी तीन मोजता येतील अशी उद्दिष्टं लिहून घ्या.

नोंदणी, व्हिसा, नोकरी

निकालानंतर विद्यापीठ उत्तीर्णांची यादी एचसीपीसीकडे पाठवतं, त्यानंतर तुम्ही स्वतः ऑनलाइन अर्ज करून शुल्क भरायचं. यादीतलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल तर अर्ज अडकतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी प्रवेशाच्या वेळीच हे एकसारखं करून घ्यावं. नोंदवहीत नाव येईपर्यंत कुठेही स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवू नका, लिंक्डइनवरसुद्धा.

शिक्षण संपल्यावर विद्यार्थी व्हिसा संपण्याआधी ब्रिटनमध्येच ग्रॅज्युएट व्हिसासाठी अर्ज करता येतो. एम.एस्सी.नंतर तो दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिने. रुग्णालयाने प्रायोजकत्व दिलं तर हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा. नवा थेरपिस्ट एनएचएसमध्ये बँड ५ या पगारश्रेणीवर लागतो, २०२५-२६ मध्ये इंग्लंडात तो पगार ३१,०४९ पौंडांपासून सुरू होता. मात्र अलीकडे बँड ५ च्या जागांना अर्ज फार येतात आणि नवपदवीधरांना वाट पाहावी लागते. ८० लाखांचं कर्ज काढताना हप्ता पहिल्याच महिन्यात सुरू होईल असं धरू नका.

अर्जाला गुण दिले जातात ते जाहिरातीतल्या ‘पर्सन स्पेसिफिकेशन’च्या मुद्द्यांवर, म्हणून एक-एक मुद्दा घेऊन प्लेसमेंटमधलं उदाहरण लिहा. एकच मजकूर वीस ठिकाणी चिकटवला तर मुलाखतीपर्यंत गाडी जात नाही. मोठ्या शहरांचा हट्ट सोडून लिंकनशायर, कंब्रिया, वेल्सच्या किनाऱ्याकडेही पाहा. आणि सहा-सहा महिन्यांनी विभाग बदलणारी रोटेशनची जागा मिळाली तर पहिल्या दोन वर्षांत तीच घ्या.

भारतात परतून काम करायचा बेत असेल तर तो प्रवेश घेण्याआधी तपासा. राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा २०२१ चा आहे, महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी यांची मिळून एक परिषदही आहे. इथली पदवी पाच वर्षांची होत असताना दोन वर्षांच्या परदेशी पदवीवर नोंदणी मिळेल का, हे परिषदेला अभ्यासक्रमाचा तपशील जोडून लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. कन्सल्टंटच्या ऑफिसात मिळालेलं ‘हो, होतं सगळं’ हे उत्तर धरू नका.